ताईच्या गाडीचे शॉकअप्सर

अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी एकतीस वर्षं तपासणी खात्यात काढली. दुसऱ्याने बनवलेला भाग हातात घ्यायचा, मोजायचा आणि बऱ्याचदा परत पाठवायचा, एवढंच माझं काम. अशा कामाने माणूस कुणाचा लाडका होत नाही. घरीही माझ्याबद्दलचं मत फारसं वेगळं नाही. कुणी तोंडी सांगितलेलं माप मी जमेस धरत नाही, स्वतः मोजलेलं तेवढंच खरं मानतो. निवृत्तीनंतर हा स्वभाव वापरायला जागा उरली नव्हती, तेवढ्यात ताईच्या गाडीचे पुढचे शॉकअप्सर गेले.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. वय सदुसष्ट. बदलापूरच्या पुढे बारवीच्या बाजूला तिचं सासर. घर खाली आणि जांभळाची बाग वर, टेकडीच्या उतारावर. भाऊजी गेल्यापासून ती तिथे एकटीच राहते. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर तो चढ तिला चढवेना. त्याच सुमारास जवळचं एक रिसॉर्ट बंद पडलं आणि तिथली एटीव्ही ताईने घेतली. चार फुगीर टायरांची आणि मोटारसायकलसारखं हँडल असलेली ही गाडी पर्यटकांना मातीत फिरवायला ठेवतात. गावात तिला कुणी एटीव्ही म्हणत नाही, बाईची चारचाकी म्हणतात. पदर खोचून ताई तिच्यावर बसून वर जायला लागली तेव्हा पहिले काही दिवस लोक बघायला थांबायचे. नंतर कुणी मान वर करेना.

शॉक अ‍ॅब्सॉर्बरला आपल्याकडचे मेकॅनिक शॉकअप्सर म्हणतात. कारखान्यात मी तो शब्द आयुष्यभर दुरुस्त करत आलो. आता मीही तोच वापरतो, कारण सुट्या भागांच्या दुकानात शुद्ध बोललं की आपण नवखे ठरतो.

ताईच्या गाडीच्या पुढच्या दोन्ही शॉकअप्सरमधलं तेल गळून गेलं होतं. तेल नसलं की त्यावरची स्प्रिंग बेलगाम उसळते. एका सकाळी चढावरच्या चरात पुढचा भाग आपटून वर उडाला आणि हँडल ताईच्या छातीत बसलं. हाड मोडलं नाही, पण आठवडाभर तिला कुशीवर वळता येत नव्हतं. भाचा, म्हणजे तिचा मुलगा, बदलापूरला फ्लॅटमध्ये राहतो. त्याने मला फोन केला. येत्या रविवारी तो येणार होता आणि स्वतः गाडी चालवून बघणार होता. गाडी नीट नसेल तर ती त्याच दिवशी जाईल आणि आई फ्लॅटवर येईल, असं त्याने ठरवून टाकलं होतं. पोरगा वाईट नाही. तो घाबरला होता. पण रोज बागेत जाणारी बाई चौथ्या मजल्यावर दिवसभर काय करणार, हे त्याच्या मनात आलं नव्हतं आणि ताईनेही ते बोलून दाखवलं नव्हतं. तिने मला एवढंच विचारलं, गाडी होईल का. मी म्हटलं, होईल.

नवे शॉकअप्सर मिळण्याचा प्रश्नच नव्हता, ते मॉडेल यायचं केव्हाच थांबलं होतं. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये जुन्या सुट्या भागांचा एक सिंधी दुकानदार आहे. वयाने माझ्याएवढा, आणि मोजण्याच्या बाबतीत माझ्याहून चिकट. सोमवारी मी ताईचे मेलेले शॉकअप्सर पिशवीत घालून त्याच्याकडे गेलो. त्याने ते बघितले आणि माळ्यावरून पाच काढले. वेगळ्या बनावटीचे, वापरलेले, लाल स्प्रिंगांचे.

आमचं काम तासभर चाललं. वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत जुना तीनशे तीस मिलिमीटर होता, हे तीनशे तेहेतीस. तीन मिलिमीटर लांबी चालण्यासारखी होती. याहून लांब असता तर चाक खाली लोंबकळलं असतं आणि आखूड असता तर गाडीचं नाक जमिनीकडे झुकलं असतं. पूर्ण दाबल्यावर तो जुन्यापेक्षा आखूड होत नाही, म्हणजे टायर मडगार्डला घासणार नाही, हेही पाहिलं. बोल्टाचं भोक जुळलं. रुंदी थोडी कमी होती, तिथे वॉशर घालायचे ठरले. मग जोडी लावायची. दोन शॉकअप्सर एका रंगाचे असले म्हणून त्यांची जोडी होत नाही. दोन्ही एकाच वेळी दाबून सोडायचे आणि ते बरोबरीने वर आले तर ती जोडी. पाचांपैकी दोघांच्या दांड्याला तेल लागलेलं होतं, ते बाद झाले. एक धापा टाकत वर यायचा, तोही बाद. उरलेले दोन मात्र एका आईची लेकरं निघाले.

शेवटी दुकानदाराने विचारलं, “साईं, बैठनेवाला कितने किलो का है?” मी म्हटलं, बासष्ट. आकडा ताईच्या ऑपरेशनच्या कागदावरचा होता, तीन वर्षांपूर्वीचा. डोक्यात होता, तो सांगून टाकला. त्याने मान हलवली. स्प्रिंगा त्या वजनाला बरोबर होत्या.

मंगळवारी मी ते बसवले. त्यानंतरची तपासणी सोपी असते. रिकाम्या गाडीच्या नाकाची उंची घ्यायची, मग चालवणाऱ्याला बसवून पुन्हा घ्यायची. शॉकअप्सर जेवढा दाबला जाऊ शकतो, त्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढं नाक खाली यायला हवं. या गाडीला ते वीस मिलिमीटर होत होते. ताई बसली. चौदा आले.

मी तिला पाय वर घे म्हटलं, हँडलवर रेलू नको म्हटलं, पुढे सरक म्हटलं. तिने सगळं केलं. “बसलेय ना रे, अजून कशी बसू?” ती हसून म्हणाली. पुन्हा चौदा. मग मी स्वतः बसलो. एकोणीस. माझं वजन साठ आहे. यावरून शाळेतल्या पोरालाही जे कळलं असतं ते मला कळलं नाही. वापरलेली स्प्रिंग कुठेतरी अडकते आहे, असा निष्कर्ष मी काढला. ताईने गाडी वर नेऊन आणली. पुढची चाकं दगडादगडावर टणाटण उडत होती आणि ती दात आवळून हँडलला लटकली होती. खाली उतरल्यावर तिने दोन्ही हात झटकले, पण तक्रार केली नाही.

बुधवारी शॉकअप्सर काढून मी पुन्हा उल्हासनगरला. दुकानात शिरतानाच आवाज चढवला होता, हे कबूल करतो. दुकानदाराने दोन्ही स्प्रिंगा दाबयंत्रावर चढवल्या आणि काटा मला वाचायला लावला. दोन्ही सारख्या आणि जशा असायला हव्यात तशाच. “स्प्रिंग तो बराबर है. बैठनेवाले को काँटे पे चढ़ाओ, फिर आओ,” असं म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. एकतीस वर्षं मी लोकांना परत पाठवलं होतं. मला कुणी पाठवलं नव्हतं. बदलापूरपर्यंत मी धुमसत होतो.

ताईच्या पडवीत जांभळाचे क्रेट तोलायचा काटा आहे. तिला त्यावर उभं केलं. चव्वेचाळीस. मी तिला खाली उतरवलं, काटा शून्यावर आणला, त्यावर दहा किलोचं वजन ठेवून पाहिलं. दहाच दाखवले. ती पुन्हा चढली. चव्वेचाळीस.

मला लाज वाटली. हजारात एक वाकडा बोल्ट मी नुसत्या नजरेने शोधायचो आणि माझ्या बहिणीचे अठरा किलो गेलेले मला दिसले नव्हते. ताई काट्यावर तशीच उभी होती. “विचारायचं व्हतं तर मला विचारायचंस,” ती म्हणाली. “गाडीला कशाला विचारलंस?”

मग मी विचारलं. दुखत-खुपत काही नाही, असं तिने सांगितलं. भाऊजी गेले तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं, ती संध्याकाळी चूल पेटवत नव्हती. एकटीसाठी पेटवावीशी वाटत नाही, म्हणाली. सकाळची भाकरी दुपारी संपवायची आणि नंतर चहा. या दोन वर्षांत मी दर महिन्याला तिच्याकडे जेवलो होतो. ती वाढायची आणि पाण्याचा तांब्या घेऊन समोर बसायची. मी मागून वाढून घ्यायचो.

डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, तर ती म्हणाली जाऊ, पण आधी गाडी नीट कर. आणि मुलाला यातलं काही सांगायचं नाही, असं मला कबूल करायला लावलं. त्याला आकडा कळला तर तो तिला तिथल्या तिथे उचलून नेईल, याबद्दल तिला शंका नव्हती. मलाही नव्हती. मी कबूल केलं.

गुरुवारी दुकानदाराला आकडा सांगितला. त्याने वर बघितलं, कोण आहे एवढंच विचारलं. बहीण, मी म्हटलं. त्याने शॉकअप्सर तेच ठेवून त्यावरच्या स्प्रिंगा बदलल्या, थोड्या बारीक तारेच्या घातल्या. शुक्रवारी ताई गाडीवर बसली तेव्हा नाक बरोबर वीस मिलिमीटर खाली आलं. ती वर गेली आणि अर्ध्या तासाने एका हाताने कडेची फांदी बाजूला सारत खाली आली. हात दुखले नाहीत, म्हणाली. इतकं चोख काम मी कारखान्यातही क्वचित पाहिलं होतं आणि मला मनापासून आनंद झाला. त्या आनंदात रविवारचा विचार करायचा राहून गेला.

रविवारी भाचा आला. अंगाने भरलेला, ऐंशीच्या वरचा गडी. गाडीवर बसला तशी ती पुढे झुकलीच. अंगणाबाहेरच्या पहिल्याच चरात शॉकअप्सर तळाला टेकले आणि धाडकन आवाज झाला. पुढच्या खड्ड्यातही तेच. तो परत आला, गाडी बंद केली आणि चावी काढून मुठीत धरली.

“मामा, काय फरक पडला? आधीसारखीच आपटतेय.”

गाडी बरोबर आहे, मी म्हटलं. मग माझ्याखाली का आपटते, असं त्याने विचारलं. त्याचा प्रश्न रास्त होता. उत्तर एकच होतं आणि ते द्यायचं नाही असं मी कबूल करून बसलो होतो. गाडी न्यायला टेम्पो दुपारी येईल, त्याला सांगून ठेवलंय, असं तो आईला समजावत होता. समजावताना आवाज मऊ होता आणि नजर गाडीच्या चाकांवर होती. ताईने माझ्याकडे पाहिलं. बोल म्हणत होती की बोलू नको म्हणत होती, ते मला आजही सांगता येणार नाही.

“गाडी तुझ्यासाठी लावलेली नाही,” मी म्हटलं. “चव्वेचाळीस किलोसाठी लावलीय.”

“चव्वेचाळीस किलोचं इथे कोण आहे?” भाचा म्हणाला.

ताई त्याच्यापासून दोन हातांवर उभी होती. “मी,” ती म्हणाली आणि चावीसाठी हात पुढे केला. त्याने चावी तिच्या तळव्यावर ठेवली. मग तिचं मनगट हातात घेतलं आणि ते धरून तसाच उभा राहिला.