मी भरून काढलेली दोन मिनिटं

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, मुलींच्या नाही, आणि अण्णांच्या — म्हणजे माझ्या वडिलांच्या — तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. आणि आधीच सांगून टाकते — ही माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या विजयाची गोष्ट आहे. ती आठवली की माझी मान अजून ताठ होते. होऊ नये, पण होते.

सुवेझच्या कालव्यापाशी बाँब पडत होते तेव्हाची गोष्ट. तिकडे लढाई, आणि इकडे आमच्या मुंबईत, फोर्टातल्या एका सभागृहात, जगाच्या सुरक्षिततेवर आंतरराष्ट्रीय परिषद भरलेली. निम्मे पाहुणे वाटेतच अडकले होते, पण जे पोचले ते पोटभर बोलत होते. त्यांचं बोलणं उतरवून घ्यायला दोन लघुलेखक नेमलेले — एक सामंत सर, दुसरी मी. बावीस वर्षांची, गिरगावातली, नव्या चपलांत.

सामंत सरांनीच मला शॉर्टहँड शिकवलं होतं. परळला दोन खोल्यांत राहायचे, मूळचे मालवणकडचे. वय त्रेपन्न, मिनिटाला दीडशे शब्द, आणि उभ्या आयुष्यात कायमची नोकरी कधी नाही. आज हे अधिवेशन, उद्या ती चौकशी समिती. या परिषदेनंतर तिचं कायमचं कार्यालय मुंबईत राहणार होतं, त्यात एक लघुलेखक लागणार होता. ती जागा सरांची, हे सगळे धरून चालले होते. मीसुद्धा.

आमची पद्धत अशी — दहा मिनिटं एकानं लिहायचं, दहा मिनिटं दुसऱ्यानं. पण पाळी बदलताना शेवटचं मिनिट दोघांनीही लिहायचं, म्हणजे सांधा नीट जुळतो. सरांचा त्यावर फार कटाक्ष.

तिसऱ्या दिवशी एका चिमुकल्या देशाचे म्हातारे प्रतिनिधी बोलत होते. गोड, झोपाळू आवाज. माझी पाळी संपायला दोन मिनिटं उरली असतील, आणि खिडकीखालून मोर्चा आला. झालाच पाहिजे, झालाच पाहिजे! — काचा थरथरल्या. मी सहज खाली पाहिलं.

आणि पुढच्या रांगेत अण्णा!

काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, साहेबाच्या कंपनीत तीस वर्षं हेडक्लार्की केलेले अण्णा. चळवळ म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग, असं रोज जेवताना आम्हाला ऐकवणारे अण्णा! मूठ वर, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. मला हसू आलं, रडू आलं, अभिमानानं नुसतं भरून आलं. मी बघतच राहिले. पेन्सिल हातात तशीच. भानावर आले तेव्हा पाळी संपली होती आणि माझ्या वहीत अर्धं पान कोरं होतं.

त्याच वेळी सांगायचं होतं, नाही का? सर, चुकले. दोन शब्द. पण मी टंकलेखनाच्या खोलीत गेले आणि ते अर्धं पान स्वतःच भरून काढलं. त्या गृहस्थांना शोभेल असं काहीतरी जुळवलं, आणि शेवटी एक वाक्य घातलं — नकाशावर रेघ ओढणाऱ्यानं आधी त्या रेघेवरच्या एखाद्या घरात जेवून यावं. ते कुठून आलं? फोर्टातून नाही, सुवेझहून तर नाहीच. त्या मोर्चातूनच आलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षांनी ते भर सभेत वाचून दाखवलं. सभागृह उभं राहिलं हो! टाळ्या थांबेनात. म्हातारे प्रतिनिधीही उठले आणि छातीवर हात ठेवून त्यांनी त्या टाळ्या घेतल्या. संध्याकाळच्या पेपरात तेच वाक्य चौकटीत. घरी अण्णांनी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "बघ, याला म्हणतात माणूस! आमचं दुःख त्या परक्याला कळलं." मी भाकरी मोडत होते. काय सांगू, कसं वाटलं!

पण त्या प्रतिनिधींच्या मदतनिसानं तक्रार केली. भाषणात त्या म्हाताऱ्यांनी आपल्या देशाचं बंदर इतरांना वापरू द्यायला एक अट घातली होती, ती छापील वृत्तान्तात नाही. सरांच्या वहीत, त्या सामाईक मिनिटात, ती अट होती. माझ्या वहीत होतं जेवण! खुद्द प्रतिनिधींना विचारलं, तर ते म्हणाले, छापलंय तेच मी बोललो. टाळ्या कोण परत करतो?

कार्यवाहांनी आम्हाला बोलावलं. बाहेर सरांनी हळूच विचारलं, "सगळं लिहिलंस ना गो?"

मी म्हटलं, "हो सर. शब्द न् शब्द."

कार्यवाहांना शॉर्टहँड वाचता येत नव्हतं. त्यांनी माझी वही सरांपुढेच सरकवली. आणि — इथे माझा हात अजून थांबतो — लिहिताना मी एक गोष्ट विसरले होते. भरधाव लिहिलेली रेघ तिरकी, तुटकी, धापा टाकणारी असते. सावकाश काढलेली रेघ कित्त्यासारखी दिसते. माझं ते अर्धं पान इतकं सुबक होतं, की सरांच्या वर्गात मला त्याला पैकीच्या पैकी मिळाले असते.

सरांनी ते पान पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वही मिटली आणि म्हणाले, "बाईंचं बरोबर आहे. माझेच कान हल्ली दगा देतात."

मी तिथेच उभी होते. बोलायला जीभ होती. मी बोलले नाही.

कायमची जागा मला मिळाली. बहिऱ्या लघुलेखकाला कोण ठेवणार? ती बातमी सगळीकडे पसरली आणि सरांना पुढे कामं मिळेनाशी झाली. मी मात्र चढत गेले. तीस वर्षं, शेवटी मुख्य लघुलेखक, माझ्या हाताखाली अकरा जण. मला या सगळ्याचा आनंद झाला नाही असं म्हणाले, तर ती दुसरी थाप होईल. झाला. भरपूर झाला. ते वाक्य आजही कुठे छापलेलं दिसलं की वाटतं — माझं आहे हे!

नेमणुकीचं पत्र आलं त्या रविवारी सर गिरगावात घरी आले. धुतलेला सदरा, हातात पेढ्यांचा पुडा. सगळ्यांसमोर अण्णांना म्हणाले, "पोरीनं माझं नाव काढलं." अण्णांनी त्यांना वाकून नमस्कार केला. सरांनी पुडा सोडून माझ्यापुढे धरला आणि माझ्या डोळ्यांत पाहिलं. रागानं नाही. वाट पाहिल्यासारखं.

मी पेढा घेतला, खाल्ला, आणि हसून आणखी एक मागितला.