धावड्याच्या नाल्यावरची लाल अंगाची

सगळ्यात पैले आली ती नवऱ्या पोराची चुलती. आम्ही धावड्यात उतरून पाय बी धुतले न्हवते, तर हिनं मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं की पोरगा रोज सकाळी डोंगराकडच्या नाल्यावर जातो अन् दुपारीच येतो. "तिथं कोण हाये ते तुम्हीच पाहा, आजी."

झालं. नात कुसुम द्यायची म्हणून मी लेकाला घेऊन जालन्याहून घर पाहायला आल्ते. भोकरदनपर्यंत कोळशावरची मोटार. जुनं लुगडं नेसून बसा, उतरेपर्यंत काळं होतं. पुढं छकडा. गाडीवान निजामाच्या हाली शिक्क्यातला रुपया मागतो, बारा आण्यात बराबर येतो. पिंपळगावला रेणुकाईचं दर्शन घेतलं, तिथंच भाकरी-ठेचा सोडला. ठेचा लेकाच्या डोळ्यात गेला, ते राहू द्या.

घर चांगलं, ज्वारीचं पेव भरलेलं. पण मला सगळ्यातच काळंबेरं दिसून राह्यलं. सासू लई गोड बोलती, ती का? पोरगा मान वर करत न्हाई, तो का?

सकाळी पोरगा निघाला, तशी मी परसाकडच्या निमित्तानं तांब्या घेऊन मागं. नाल्यात गार सावली, घाणेरी फुललेली, झाडावर ईश्वरीचा वेल चढलेला. पोरगा दगडावर एकटाच. मी झुडपाआडून कान देऊन बसले, बांगडी वाजती का. आलं ते फुलपाखरू. काळे पंख, कुंकवासारखं लाल अंग, मागं शेपट्या. मंग दुसरं, मंग कितीक. सावकाश, कोणालाच न भेता.

"आजी, तेवढा वेल मोडू नका," पोरगा पाठमोराच म्हणला. "यांचे पिल्लं त्याच्यावरच वाढतात."

तांब्या पदराखाली घेतला. विचारलं, यांना पाखरं खात न्हाईत का? तर म्हणे वेल विषारी, तो खाऊन हे बी विषारी. अन् दुसरी एक जात यांचंच सोंग घेऊन फिरती, तिच्या अळ्या कढीलिंबावर.

"मंग खरं कोणतं, कसं कळायचं?"

"पंखावर जाऊ नका. अंग पाहा. सोंगाडीचं अंग काळं."

मी फुलपाखरं सोडून पोरालाच पाहत राह्यले.

चुलती दारातच उभी. सापडली का म्हणती. "सापडली," म्हणलं, "लाल अंगाची, काळ्या लुगड्याची. एक न्हाई, सात-आठ हायेत." पावसाळा सरता सरता जा धावड्याला. चुलतीचं तेव्हा पडलेलं तोंड दिसणार न्हाई, पण नाला दिसंल.

घरी आले तर कुसुम कढीलिंबाच्या अळ्या वेचून राह्यली होती. राहू दे म्हणलं. का, ते सांगितलं न्हाई. तेव्हापासून ती माझ्याकडं टक लावून पाहती, अन् झाडाचा निम्मा पाला गेलाय.

धावड्याचे पाहुणे बुधवारी येतो म्हणलेत.