बाबांचं ‘ते’

अर्धांगाच्या झटक्यातून सासरे उठले, हातही पूर्वीसारखा चालू लागला. पण वस्तूंची नावं गेली ती गेलीच. रंधा म्हणजे ‘ते’, खिळा म्हणजे ‘ते’, भूक लागली तरी ‘ते’. चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या बापाला मुलगा म्हणाला, “बाबा, आता घरीच बसा.”

सून बापलेकांच्या सुतारकामाच्या कारखान्यात अकरा वर्षं पॉलिशचं काम करत होती. तिच्या डोक्यात तिडीक गेली. “नावं गेलीत, अक्कल नाही,” तिनं नवऱ्याला सुनावलं आणि दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना सरळ कामावर घेऊन गेली.

त्या दिवशी काम वाचनालयाच्या जिन्याचं होतं. कठडा बसवून झाला होता, नवरा हत्यारं आवरत होता. म्हातारा तिसऱ्या पायरीवर थबकला.

“ते,” म्हणाला. “ते तसं नाही.”

“दमलेत. घरी सोड त्यांना,” नवरा म्हणाला.

“घरी जायचं असतं तर दाराकडे बघितलं असतं,” ती म्हणाली आणि सासऱ्यांना खेटून उभी राहिली. त्यांचा अंगठा कठड्याच्या एका खांबावर दाबलेला, नजर मात्र खाली.

“खांब?” तिनं विचारलं. मान अर्धवट हलली. “खांबाचं बूड?”

“ते!”

“तो खांब काढा,” ती नवऱ्याला म्हणाली.

“ग्रंथपाल बाई बघतायत. इथं तमाशा नको.”

“तमाशा पोरं याच्यावर रेलतील तेव्हा होईल.”

तो जागचा हलला नाही. मग तिनंच स्क्रू सोडवले. खांब हातात आला तो बुडापासून उभा चिरलेला. ग्रंथपाल बाई पुढे आल्या, चीर पाहिली आणि म्हणाल्या, “आता सगळे खांब बाबा तपासतील. तोवर काम पूर्ण झाल्याची सही मी करणार नाही.”

नवरा चार दिवस घुश्श्यात होता. पाचव्या दिवशी कारखान्यात म्हणाला, “तू आहेस ना, तूच सांगत जा ते काय म्हणतात.”

“मी दुभाषी नाही. माझंही चुकतं. परवा पाणी मागितलं तर डिंक नेऊन दिला, केवढे चिडले. काय काम चाललंय, नजर कुठे आहे, आधी काय झालं, एवढंच बघते मी. तुम्हालाही डोळे आहेत.”

तेवढ्यात बाबांनी हात पुढे केला. “ते.”

नवऱ्यानं पटाशी दिली. बाबांनी ती बाजूला ठेवली.

सून जागची उठली नाही. “परत बघा,” ती म्हणाली.