कोणत्या रविवारी ते लिहिलं नव्हतं

बडनेऱ्याच्या फलाटावर सुधानं माझी ट्रंक डोक्यावरून उतरवली, डब्यात चढवली आणि सीटखाली जाईना म्हणून तिला एक लाथ हाणली. लग्नाला तेरा दिवस झालेले आमचे हे दचकून बघायलाच लागले. "भाऊजी, आमच्या ताईलेही असंच ढकला लागते, आपल्या मनानं कुठं जातच नाही," सुधा म्हणाला आणि गाडी हलली तरी डब्यातून उतरेना. सुधा माझा धाकटा भाऊ, तेव्हा सतरा वर्षांचा. शेवटी उडी मारून उतरला, खिडकीच्या गजाला धरून पळाला, पळताना चप्पल निसटली, ती उचलायला वळला आणि तेवढ्यात फलाट संपला. पुढं दोनदा माहेरी गेले तेव्हा भेटला, बोलला, भांडला. पण डोळ्यांपुढं येतो तो असाच, चपलेसाठी वाकलेला, पाठमोरा.

आई स्टेशनवर आली नव्हती. अचलपूरच्या घरी चुलीपुढंच बसून राहिली. मला एवढंच म्हणाली, "जाय. तुही मूठ मी टाकत जाईन."

ही मूठ काय ते तुम्हा घरच्यांना सांगायला नको, पण माझ्यासारखी जी माणसं दूर निघून आली त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे पोहे मापानं नाही, मुठीनं भिजायचे. माणशी एक मूठ, आणि मूठ चाळणीत टाकताना ज्याची असेल त्याचं नाव घ्यायचं. ही दादाची, ही सुधाची, ही माझी. घरातलं कोणी परगावी असलं तरी त्याची मूठ चुकवायची नाही, म्हणजे तो परत येतो. मात्र गेलेल्या माणसाची मूठ टाकायची नाही. बाबा वारले त्या आठवड्यात माझ्या हातून चुकून पडली, तर आईनं चाळणी हिसकावून घेतली. "गावाले गेलेल्याची टाकाव. देवाघरी गेलेल्याची टाकू नोको वं, तो अडकते." तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

चंडीगडला हे केंद्र सरकारच्या ऑफिसात होते, बावीस सेक्टरमधे क्वार्टर होतं. मी आले तेव्हा सगळंच सरळ रेषेतलं बघून घाबरले. रस्ते सरळ, झाडं सरळ, एकसारखी घरं, स्वतःचं दार सापडेना. जाड पोहे मिळायचे नाहीत. मनीमाजऱ्याच्या बाजारात एक वाणी ठेवायचा, तिथवर सायकलरिक्षानं जायचं. शेजारच्या बीजी मला भाजीवाल्याशी कसं बोलायचं ते शिकवायच्या. रविवारी ह्यांच्या ऑफिसातले दोघं-तिघं मराठी लोक नाश्त्याला यायचे. पोहे, नाहीतर आपली उकडपेंडी. जाडसर कणीक भाजून ताकात मोकळी केलेली ती पिवळी उकडपेंडी बघून बीजी म्हणाल्या होत्या, "एह हलवा नमकीन क्यों है?" चार वाट्या खाल्ल्या मात्र. अशी मी साहेबांची बायको झाले. साडी कडक कलफाची, बोलणं हिंदी, गावाकडचं सगळं जरा आत दडवलेलं.

मला चंडीगडला येऊन चार वर्षं झाली होती तेव्हा सुधा दादाशी भांडून घरातून निघाला. परतवाड्याहून दिल्लीकडे संत्र्यांचे ट्रक जातात, त्यातल्या एकावर क्लीनर म्हणून बसला. दोन महिने पत्ता नाही. आई तिकडे मूठ टाकत होती, मी इकडे. मग एका बुधवारी त्याचं कार्ड आलं. पेन्सिलीनं लिहिलेलं: "ताई, मी अंबाल्यात आहे. तुझ्या घरापासून जवळच. रविवारी नाश्त्याला येतो. माझी मूठ मोठी टाक. भाऊजींना नमस्कार."

कोणत्या रविवारी ते लिहिलं नव्हतं.

पहिल्या रविवारी मी गच्चीत उभी. दुसऱ्या रविवारी उभी. तिसऱ्याही. ते दिवस पंजाबात वाईट होते, लोक बसमधे बसायला घाबरायचे, चौकाचौकात तपासणी. यायला जमलं नसेल, असं आम्ही म्हणायचो. चौथ्या रविवारी मराठी मंडळाची सहल पिंजोरच्या बागेत होती, आणि ती ठरवली होती ह्यांनीच. हे म्हणाले, "किती रविवार बसून राहणार आहेस? किल्ली बीजींकडे ठेवू. आला तर त्या बसवतील." मी पोहे केले, सगळे डब्यात भरले, किल्ली दिली आणि आम्ही गेलो.

आता जे लिहिते ते मी आईलाही सांगितलं नव्हतं. किल्ली देताना मी बीजींना सुधाचं काहीच बोलले नाही. का? तर बीजींना मी आधी सांगून ठेवलं होतं की माझे भाऊ व्यापारी आहेत. आता ट्रकवरचा क्लीनर येईल, तेलकट कपडे, फाटकी चप्पल, तोंडात वऱ्हाडी, आणि तो म्हणेल मी हिचा भाऊ. मला लाज वाटली. दाराशी उभी राहून, किल्ली पुढं करून, तोंड उघडलंसुद्धा, आणि म्हटलं, "बीजी, दूधवाला आला तर घ्या." बस, एवढंच.

संध्याकाळी आलो तर बीजी म्हणाल्या, "इक मुंडा आया सी. तेरी सीढ़ियों पे बैठा रहा, घंटा भर." एक पोरगा तासभर आमच्या जिन्यात बसून होता. मळकट होता. काही विचारत होता, पण बीजींना त्याचं बोलणं कळेना. त्या दिवसांत अनोळखी पोराला दार कोण उघडणार? बीजींनी आतून कडी लावून घेतली. पाणीसुद्धा विचारलं नाही. मग तो गेला.

तो सुधा होता का? ते मला आजपर्यंत माहीत नाही. अंबाल्याला हे तीन वेळा जाऊन आले. ट्रकवाल्यांच्या अड्ड्यावर, पोलिसात, दवाखान्यात. कुणालाच काही ठाऊक नव्हतं. बीजींना मी नंतर खरं सांगितलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला आणि जाईपर्यंत दर चार-सहा महिन्यांनी मला म्हणायच्या, "पुत्तर, तू दस देंदी." एकदा सांगितलं असतंस. शेवटी शेवटी तर त्यांना तो पोरगा आठवेनासाच झाला. म्हणाल्या, मीटर बघायला आलेला असेल कोणी. त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला. एवढं एक माणूस होतं ज्यानं त्याला पाहिलं होतं, तेही गेलं.

तेव्हापासून रविवारी मी चंडीगड सोडलं नाही. आई गेली तेव्हा दहाव्यापुरती मंगळवारी निघाले आणि तेराव्यापर्यंत थांबले नाही, शनिवारी परत. दादाच्या वेळीही तसंच. तुम्ही नावं ठेवलीत, ते कानावर आलं माझ्या. शहरात राहून माया आटली म्हणालात. कशी आटेल हो! हे निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, ह्यांनी पंचकुल्यात छान फ्लॅट बघून ठेवला होता. मी गेले नाही. समोरच्याच रस्त्यावर वरचा मजला भाड्यानं घेतला, खिडकीतून जुन्या क्वार्टरचा जिना दिसतो असा. सामान ह्यांनीच वर चढवलं. त्या क्वार्टरमधे नवं कुटुंब आलं की मी नाश्त्याचा डबा घेऊन जाते आणि सांगते, कोणी माझ्यासारखं बोलणारं आलं तर समोर पाठवा. सगळे हो म्हणतात. आताची बाई तर म्हणाली, "आंटीजी, फोन नंबर दे दीजिए, व्हॉट्सॲप कर देंगे." दिला.

आणि रविवारचे पाहुणे वाढत गेले. आता मोहालीच्या आयटीतली पोरं येतात, बदलीवर आलेली कुटुंबं येतात, चंडीमंदिरच्या छावणीतून एका मेजरची बायको गाडी काढून येते. दिवाळीला सुट्टी नाही मिळाली, सव्वीस जानेवारीला जोडून रजा नाही मिळाली, की माझ्याकडे. बाजारात मराठी ऐकू आलं की मी थांबवते, "कुठले तुम्ही?" पोरं हसतात. "आजी तुमची भरती चालू असते!" म्हणतात. त्यांना वाटतं हौस आहे. मी प्रत्येकाचं तोंड बघते. आधी त्याचा चेहरा शोधायचे, मग त्याच्या मुलाचा, आता त्याच्या नातवाचा. कधी एखादा दाढीतून हसतो आणि माझ्या हातातला झारा थांबतो. म्हणजे मी इतकी वर्षं या लेकरांना प्रेमानं बोलावलं का कुणाला तरी हुडकायला, हे माझं मलाच सांगता येत नाही.

हे गेले त्याला तीन वर्षं झाली. ह्यांची मूठ मी त्याच दिवशी थांबवली, आईचा नियम. सुधाची मात्र पडत राहिली. एक बशी दर रविवारी झाकून ठेवायची आणि दुपारी मीच खायची.

दहा दिवसांपूर्वी शनिवारी नीलेश आला, दादाचा मुलगा. शाळेत शिक्षक आहे. अचलपूरचं घर पाडून नवं बांधायचं म्हणतात, पावसाळ्यात मागची भिंत गेली. पण घराच्या कागदावर सुधाचं नाव आहे. वकील म्हणाला, इतकी वर्षं ज्याची काही खबर नाही त्याला मयत धरावं, असा अर्ज कोर्टात करा. त्यावर बहिणीची सही लागते.

कागद त्यानं टेबलावर ठेवला आणि चहाचे कप धुवायला उठला. पोरगं शहाणं आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी चाळणी घेऊन बसले, नीलेश कांदा चिरायला बसला. मी येणाऱ्या पाहुण्यांची नावं घेत होते. मृण्मयीची, निखिलची, मेजरीणबाईची. मग सुधाची. नीलेशचा हात थांबला.

"आत्या, तुम्ही अजून टाकता?"

"का बरं? तुम्ही नाही टाकत?"

"काकाची नाही. आजी गेली तशी बाबांनी बंद केली." मग चिरलेला कांदा बाजूला सारत म्हणाला, "पण आई तुमची टाकते. दर रविवारी. मीच खातो ती."

मला वाटायचं आईबरोबर माझी मूठही गेली. वहिनी, तुम्ही कधी बोलला नाहीत. आपण फोनवर गुडघेदुखीचं बोललो, मिरच्यांच्या भावाचं बोललो, आणि तुम्ही तिकडे चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या नणंदेची वाट बघत होतात. मी इथं खिडकीत बसून एकाला म्हणत होते, ये रे, एकदा तरी ये. आणि जिला येता येत होतं ती मी, जिवंत, धडधाकट, तिकिटाचे पैसे असलेली, कधी एक रविवार आले नाही.

पाहुणे खाऊन गेले. मी नीलेशला विचारलं, "सही केली तर त्याची मूठ बंद करावी लागेल का रे?"

तो म्हणाला, "आत्या, आपल्या घरी किती पोहे भिजतात हे कोर्टाले कायले सांगा लागते?"

मी हसले. खरंच हसले, आणि हसता हसता सही केली. अक्षर नेहमीसारखं सरळ आलं. त्याचीच मला भीती वाटली. संध्याकाळभर मी जुन्या जिन्याकडे बघायचं टाळलं, जणू तिथं बसून कोणी मला सही करताना पाहिलं होतं.

सोमवारी मी नीलेशबरोबर निघाले. किल्ली मृण्मयीला दिली. मृण्मयी लातूरची, मोहालीत नोकरी करते, माझ्या नातीच्या वयाची. दाराशी उभी राहिले, किल्ली पुढं केली आणि या वेळी सगळं सांगितलं. सुधा कोण, काय करायचा, ट्रकवर क्लीनर होता, त्याचं कार्ड, पिंजोर, बीजी. मला लाज वाटली होती हेही सांगितलं. ती जिन्यातच बसली. मग म्हणाली, "आजी, रविवारी मी करते नाश्ता. इथंच. दार उघडं ठेवते." मी म्हटलं, "तुला जमेल का?" तर म्हणे, "यूट्यूब आहे." मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

तर परवाचा रविवार मी अचलपूरला काढला. वहिनींनी मला काही करू दिलं नाही, पाटावर बसवून ठेवलं. पण माझं लक्ष कुठं होतं ते त्यांना कळत होतं. साडेनऊ वाजले तसा त्यांनीच फोन माझ्या हातात दिला. "लावा. जीव तिकडं टांगलेला दिसून राह्यला."

मृण्मयीनं उचलला. मागे भांड्यांचा आवाज, कोणीतरी हसत होतं, कोणीतरी झारा मागत होतं.

"दार उघडं आहे ना?" मी विचारलं.

"उघडं आहे, आजी."

"कोण कोण आलं?"

ती सांगायला लागली. निखिल आला, त्याचा रूममेट आला, मेजरीणबाई मुलांना घेऊन आल्या, समोरच्या क्वार्टरमधली आंटी विचारायला आली की आज आजी दिसत नाहीत, तिलाही बसवलं. इतकी वर्षं हा प्रश्न मी एकाच नावासाठी विचारत आले. बाकीची नावं कानावरून जायची. परवा मी एकेक नाव ऐकलं, आणि ती थांबली तेव्हा आणखी कोणी, असं विचारायचं राहून गेलं. ते माझ्या लक्षात आलं, पण विचारलं मात्र नाही.

त्याऐवजी म्हटलं, "मीठ बरोबर पडलं का ग?"

"नाही पडलं, आजी," ती म्हणाली. "सगळे तोंडं वाकडी करून खातायत. तुम्ही कधी येताय घरी?"