एका शेंगेची फुलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हाही भित्रेपणाच, नाही का?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मलकापूरच्या अलीकडे, रत्नागिरी रस्त्याला लागून एका बागायतदारांनी ऑर्किडची हरितगृहं उभारली होती. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली, कोल्हापुरातून रोज एसटीने जायची. प्रयोगशाळा माझ्या ताब्यात. हाताखाली एकच बाई — मालनताई.

त्या माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. जवळच्या गावातल्या बौद्ध कुटुंबातल्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. अक्षर मात्र टपोरं, गोल. रोपं वाढवायच्या काचेच्या बाटल्यांवरची लेबलं त्याच लिहायच्या. हात इतका हलका, की — पण हे कौतुक मी आता कशाला करते आहे?

एकदा त्यांनी विचारलं, "मॅडम, ह्या पांढऱ्याचं अन् त्या जांभळ्याचं लगीन लावलं तर काय हुईल?" मी हसून म्हटलं, लावून बघा. त्यांनी आगकाडीच्या टोकाने एका फुलाचे पराग उचलले, दुसऱ्यात ठेवले. शेंग धरली. आतलं बी पिठासारखं बारीक. ते आम्ही बाटल्यांतल्या जेलीवर पेरलं. काही महिन्यांत हिरवे ठिपके दिसले, मग पानं, मग मुळं. मालनताई त्यांना 'आपली पोरं' म्हणायच्या.

शेजारच्या मांडणीवर मालकांचं काम होतं. थायलंडहून आणलेलं एक गर्द जांभळं झाड, आणि त्याच्या एकाच कोंबापासून टिश्यू कल्चरने वाढवलेली रोपं. अशी रोपं सगळी हुबेहूब एकसारखी फुलतात. बियांची तशी नसतात. एका शेंगेतली भावंडं, पण प्रत्येकाचा रंग निराळा, ठेवण निराळी. फूल येईपर्यंत मात्र दोन्हींकडे नुसती हिरवी पानं. आणि मालकांनी पुण्याच्या फूलवाल्यांना एकसारख्या जांभळ्या फुलांचा शब्द दिलेला.

त्या जांभळ्या रोपांना नव्या बाटल्यांत हलवायच्या दिवशी मला मैत्रिणीच्या साखरपुड्याला जायचं होतं. बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र पुरतं तापायच्या आधीच मी बंद केलं. किती वेळ वाचवला? वीस मिनिटं. आठवड्यात बाटल्याबाटल्यांत बुरशी. एकूण एक. मालक परगावी होते, मालनताई माहेरी गेलेल्या. मी सगळं मागच्या खड्ड्यात रिकामं केलं आणि वर माती लोटली.

मालनताई परत आल्या, तेव्हा मी त्यांच्यासमोर कोऱ्या लेबलांचा गठ्ठा ठेवला. त्यांच्या पोरांच्या बाटल्यांवर जांभळ्या जातीचं नाव लिहायला सांगितलं.

"मॅडम, ही तर आपली पोरं की."

"आधीची लेबलं चुकली होती. मी सांगते तसं लिहा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. शेजारच्या रिकाम्या मांडणीकडे बघितलं. मग लिहायला बसल्या.

मी काय विचार केला होता? फुलं यायला तीन वर्षं लागतील — तोवर माझं लग्न होईल, मी नोकरी सोडेन, काहीतरी होईल. एवढाच.

लग्न झालं. नोकरी सोडली नाही. रोपं बाटल्यांतून कुंड्यांत गेली, लेबलं मालनताईंच्याच अक्षरात. आणि तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर कळ्या उमलल्या.

मी हरितगृहात पाऊल टाकलं. एक फूल पांढरं, त्यात गुलाबी शिरा. शेजारचं वांग्याच्या सालीसारखं काळपट, पाकळ्या पिळलेल्या. एक हिरवट. एक नुसतं फिकट, ओठासारखी खालची पाकळी दुमडलेली, जणू उमलायचं राहूनच गेलं. एक इतकं सुरेख — पांढऱ्यावर जांभळी किनार — की अजून डोळ्यांसमोर येतं. ओळीच्या ओळी, आणि दोन फुलं सारखी नाहीत.

मालनताई ओळींमधून जवळजवळ पळत होत्या. "मॅडम, बगा की! एक बी दुसऱ्यासारखं न्हाय!" त्यांना भीती वाटायला हवी होती. त्या आनंदात होत्या.

तासाभरात मालक आले. त्यांनी एका कुंडीतलं लेबल उपटून विचारलं, "हे अक्षर कुणाचं?"

"माझं," मालनताई म्हणाल्या. आणि माझ्याकडे बघितलं. ओरडून नाही, रडून नाही — नुसतं बघितलं.

मालकांनी मला विचारलं, "मॅडम, हे कसं झालं?"

मी म्हणाले, "रोपं नव्या बाटल्यांत हलवली, त्या आठवड्यात मी रजेवर होते. परत आले तेव्हा लेबलं लागलेली होती."

एवढंच. दोन वाक्यं. आवाजसुद्धा कापला नाही.

"ह्या लोकांना लॅबमध्ये घेऊ नका म्हणून मला कितीजण सांगत होते," मालक म्हणाले. 'ह्या लोकांना' म्हणजे कुणाला, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. मलाही कळलं. आणि — इथे हात थांबतो — मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. आता कुणी आणखी काही विचारणार नव्हतं.

मालनताईंना त्याच दुपारी काढलं. झाडं उपटून जाळायचा हुकूम झाला. जाताना त्यांनी ती जांभळ्या किनारीची कुंडी दाखवली. "जाळणारच हाईसा, तर एवढं एक मला द्या." मालक ऑफिसात गेले होते. मी देऊ शकले असते. मी म्हणाले, "नाही देता येत." का? ते झाड त्यांच्या दारात फुलत राहील, कुणी विचारेल, त्या सांगतील — म्हणून. ते झाड मी स्वतः आगीत टाकलं. ओलं होतं. लवकर जळेना.

पुढे सात-आठ वर्षांनी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मी एका कामाला गेले होते. बसथांब्यावर एका बाईने हाक मारली. मालनताई. साडीवर फाउंड्रीची काळी वाळू, नखं काळी. तिथे साच्यांच्या खात्यात होत्या.

"बरं हाय न्हवं, मॅडम?"

मी मान हलवली. त्यांच्याबद्दल काही विचारलं नाही. मग त्याच म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, "त्या दिवशी मालकांफुडं मी गप का राहिलो, ठावं हाय? मला वाटलं, आता मॅडमच बोलतील. मी वाट बघत हुतो."

एक बस आली. ती कोल्हापूरची नव्हती. मी तिच्यात चढले.

मला पुढे बढती मिळाली. मी नोकरी सोडली तेव्हा निरोपसमारंभात मालकांनी माझ्या प्रामाणिकपणाबद्दल चार शब्द सांगितले, मी हात जोडून ऐकले. ते अजून आहेत. थकलेत, पण फोन केला तर स्वतः उचलतात.

मी केलेला नाही.