कौतुकाचा धसका

मुलाचं कौतुक ऐकून आईच्या अंगावर मूठभर मांस चढतं, असं ज्यानं म्हणून ठेवलंय त्यानं आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना पाहिलेलं नव्हतं. मुलाला कुणी चांगलं म्हटलं की या बाईचं मूठभर मांस उतरतं. बरं, मुलगाही असा निपजावा की त्याचं सगळं कौतुकावरच चालावं! आमच्यासारखाच परदेशात, इथे मरीन परेडला वाढलेला, इंजिनिअर व्हायला इंग्लंडला गेलेला हा पोरगा शेवटच्या वर्षाला कॉलेज सोडून तिथल्या एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायला लागला. चार पोरं, एक जुनी व्हॅन आणि इंटरनेट, एवढंच त्यांचं भांडवल. कंपनी नाही, मॅनेजर नाही. आपणच गाणं टाकायचं, लोकांनी ते एकमेकांना पाठवायचं, आणि त्यातून नाव झालं तर झालं. ते जसजसं व्हायला लागलं, तसतशी काकूंची झोप उडत गेली.

तापानं फणफणलेल्या पोराचा थर्मामीटर बघावा तसे त्या व्ह्यूजचे आकडे बघत. आकडा वाढला की कपाळाला आठी. मी एकदा लिफ्टमध्ये भाबडेपणानं म्हणून गेलो की काकू, पोरगं नाव काढणार. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवायचा तेवढा बाकी ठेवला. "हळू बोल, माणसं आहेत." माणसं म्हणजे भाजीची पिशवी घेतलेली एक चिनी आजी. पण नजर लावायला मराठी यावं लागतं थोडंच, हा काकूंचा सवाल.

मग एक गाणं अचानक लाखांत गेलं. काकूंनी टॅब्लेट पाटावर ठेवला, त्यावरून मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळल्या आणि तापल्या तव्यावर टाकल्या. धुराचा अलार्म कोकलायला लागला, खालून सिक्युरिटीवाला धावत आला. तुआसच्या जहाजांच्या यार्डातून नुकतेच परतलेले काका दारात उभे! त्यांनी पापड करपल्याचं सांगून वेळ मारून नेली आणि घरात दृष्ट काढायला कायमची बंदी घातली. मग काकूंनी तीट लावायला घेतली.

म्हणजे काय, तर बाळाच्या गालावर आपण काजळाचा ठिपका लावतो ना, तसा प्रत्येक गाण्याखाली त्यांना एक वाईट शेरा हवा होता. खातं मीच उघडून दिलं, 'स्ट्रिक्ट अंकल' या नावानं. तिकडे इंग्लंडात गाणं आलं की इथे सकाळचं दूध तापायच्या आत अंकलचा इंग्रजी शेरा पडलेला असे. ड्रम जरा घाईत आहे. डावा हात कच्चा आहे. ड्रमवाल्यानं केस कापावेत. बाकीच्या तिघांना मात्र अवाक्षर नाही, लोकांच्या पोरांना आपण कशाला बोलायचं? आणि बोलायचं तेही बेतानं. "तीट गालाला लावायची असते रे, तोंडाला काळं नाही फासायचं," असं त्या मला समजावत.

पुढे बँडला तिथल्या एका मोठ्या संगीत महोत्सवाचं बोलावणं आलं. कार्यक्रम इंटरनेटवर थेट दिसणार होता. आधीचे दोन दिवस काकूंना घास गेला नाही. आणि नेमकी तिथेच फजिती झाली. माईक बंद पडला, गाणारा शब्द विसरला, आणि लोकांनी तेवढाच तुकडा कापून जगभर फिरवला. खालचे शेरे असे, की कुणाच्याही आईच्या नजरेला पडू नयेत.

सकाळी काकू टॅब्लेट घेऊन खाली आल्या. मुलगा फोन उचलत नव्हता. "लागली रे शेवटी," म्हणाल्या आणि आमच्या डायनिंग टेबलाशी बसल्या. मग डोळे पुसून त्यांनीच अंकलच्या नावानं टाइप केलं, की आजचा ड्रम उत्तम, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी वर चौकशीला गेलो असतानाच मुलाचा फोन आला. काकूंनी तो स्पीकरवर टाकला.

"आई, मी बॅग भरली होती. बँड सोडणारच होतो," तो म्हणाला. इंग्लंडात राहूनही वाक्याच्या शेवटी लावायचं इथलं 'ला' त्याचं सुटलं नव्हतं. "मग त्या अंकलची कमेंट वाचली. तो माणूस कधीच चांगलं बोलत नाही, ला. तो म्हणतोय म्हणजे मी खरंच नीट वाजवलं असणार."

काकूंनी फक्त जेवलास का, एवढंच विचारलं. फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"मी ऐकलंच नव्हतं रे," त्या म्हणाल्या. "आवाज बंद करून बघत होते. छाती धडधडते माझी."

मग मीच तो कार्यक्रम आवाज मोठा करून लावला. मला तालातलं ओ की ठो कळत नाही, पण दिसलं ते सांगतो. माईक गेला, गाणारा अडखळला, गिटारवाले एकमेकांच्या तोंडाकडे बघत थांबले. मागे हा पोरगा मान खाली घालून वाजवत राहिला, गाणाऱ्याला शब्द आठवेपर्यंत. काकूंचं बोट टेबलावर त्याच्याबरोबर चालत होतं. गाणं संपल्यावर त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं.

"केवढा एकटा दिसतोय रे तिथे," म्हणाल्या.