वर नेलेली माती

म्हातारबुवांना सगळं गाव घमेलेराव म्हणे, तेही तोंडावर. डोंगर खचला तेव्हा त्यांची अख्खी वस्ती खाली सपाटीवर आणून बसवली होती. पण माणूस खाली आला म्हणून त्याची खोड थोडीच खाली येते! दर वर्षी पेरणीआधी हे आपले शेताच्या एका टोकाची माती घमेल्यात भरत, डोक्यावर घेत आणि दुसऱ्या टोकाला नेऊन ओतत. डोंगरात त्यांच्या जमातीची रीतच ती. उतारावरची माती घसरून खालच्या बांधाशी यायची, ती परत वर न्यायची. जो नेत नाही तो ऐतखाऊ, त्याला कोणी मुलगी देत नसे. इथे ना चढ ना उतार, पण डोंगर ज्या अंगाला दिसे ती बाजू त्यांनी 'वर' ठरवून टाकली होती.

व्हायचं तेच झालं. वरचं टोक गुडघाभर उंच झालं, पाटाचं पाणी तिथे चढेना. यंदा अर्धा गहू उभ्या उभ्या वाळला. मुलगा वैतागून म्हणाला, "माती वाहायची असेल तर शहरात बांधकामावर वाहीन, निदान मजुरी तरी मिळेल." त्यानं बॅग भरलीसुद्धा.

सून सपाटीवरच्या घरातली. तिनं ती भरलेली बॅग पाहिली. ती तडक सासऱ्यांकडे शेतात गेली.

"बाबा, ट्रॅक्टर बोलावते. शेत सारखं करून घेऊ."

"वर नेलेली माती खाली ओढू? आमचे लोक तोंडात शेण घालतील."

"कुठले लोक? डोंगरात आता आहे कोण?" बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

घमेलेरावांचा चेहरा उतरला. "तुम्हा सपाटीवाल्यांना मातीची किंमत नाही. फुकट मिळाली ना!"

"फुकटच मिळाली. आजोबा सांगायचे, नदीनं आणून टाकली."

"नदीनं कुठून आणली?"

सुनेनं डोंगराकडे हात केला.

त्यांनी डोंगराकडे पाहिलं. मग खाली बसले, मूठभर माती उचलून बोटांनी चोळली, पुन्हा चोळली.

"म्हणजे ही आमचीच की गं. आज्यापणज्यांच्या हातून निसटलेली."

"हो बाबा. तुमच्या आधीच येऊन राहिलीय इथे."

म्हातारा ढसाढसा रडला. सुनेलाही आवरेना. बऱ्याच वेळानं त्यांनी बाहीनं नाक पुसलं.

"बोलाव तुझा ट्रॅक्टर. आणि नवऱ्याला सांग, बॅग रिकामी कर म्हणावं. आपली माती इथेच आहे."